फ्रॅजाइल एक्स असलेल्या मुलींचे अबोलपण : अनुभव आणि मार्गदर्शन हवे आहे

रानजाई (धागालेखिका) | १८ जानेवारी

नमस्कार. मी येथे बरीच वर्षे केवळ वाचक आहे, धागा प्रथमच काढते आहे. विषय माझ्या मुलीचा आहे. ती नऊ वर्षांची असून चौथीत शिकते. तिला फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम हा जन्मजात जनुकीय आजार आहे हे आम्हाला दीड वर्षापूर्वी समजले, आणि तेही तिच्या धाकट्या भावामुळे. तो तीन वर्षांचा होऊनही दोन शब्द जोडून बोलत नव्हता आणि सतत हात फडफडवत असे, म्हणून तपासण्या सुरू झाल्या. पहिल्या ठिकाणी केलेल्या गुणसूत्रांच्या साध्या तपासणीचा अहवाल 'नॉर्मल' आला आणि आम्ही आठ महिने निर्धास्त राहिलो. पुढे दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी एफएमआर-१ या जनुकाची वेगळी डीएनए चाचणी करायला सांगितली, तेव्हा निदान झाले. मग माझी चाचणी झाली आणि मी वाहक निघाले. मुलीचे रक्त आम्ही केवळ औपचारिकता म्हणून दिले होते, कारण ती वाचते, लिहिते आणि घरी अखंड बडबड करते. तिच्यातही पूर्ण म्युटेशन, म्हणजे त्या जनुकातला पूर्ण बिघाड, निघाले.

त्या अहवालानंतर तिची मागची सगळी वर्षे मला नव्याने समजून घ्यावी लागली. बालवाडीपासून ती शाळेत बोलत नाही. तिसरी संपेपर्यंत वर्गात तिने एकही पूर्ण वाक्य उच्चारलेले नव्हते. प्रगतिपुस्तकात दरवर्षी 'शांत व आज्ञाधारक' असा शेरा येत असे आणि आम्ही तो कौतुकाने सर्वांना दाखवत असू. घरी पाहुणे आले की ती धावत येऊन वाकून नमस्कार करते आणि तितक्याच वेगाने आत निघून जाते. नातेवाईक तिला संस्कारी म्हणतात. आता माझ्या लक्षात येते, की नमस्कार करताना कोणाच्याही डोळ्यांत पाहावे लागत नाही. नजर खाली ठेवल्याबद्दल जेथे कोणी रागावत नाही, अशी ती एकमेव रीत तिने शोधून काढली होती.

मागच्या रविवारी आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. तिळगुळाचा डबा तिच्या हातात देण्याची चूक माझीच. शेजारच्या एक काकू प्रेमानेच म्हणाल्या, "आधी 'तिळगूळ घ्या, गोड बोला' असे म्हण, मगच मी लाडू घेईन." ती हातात लाडू धरून उभी राहिली. तिचे डोळे भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे होते, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि दुसऱ्या हाताने ती परकराचा काठ पिळत होती. बायका हसून "अगं, लाजते काय एवढी?" म्हणत राहिल्या. मी आत जाऊन आले तेव्हा लाडवाचा तिच्या मुठीत भुगा झाला होता. त्या रात्री तिच्या पोटात दुखू लागले. दिवा मालवल्यावर मात्र तिने अंधारात, माझ्याकडे पाठ करून, "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला, तिळगूळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका" हे सगळे स्पष्ट आवाजात म्हणून दाखवले.

फ्रॅजाइल एक्स असलेल्या मुलांविषयी थोडीफार माहिती मिळते. मुलींविषयी मराठीत मला जवळजवळ काहीच सापडले नाही. हे अबोलपण तिचा स्वभाव समजावे की या आजाराचा भाग? तिला बोलण्याचा आग्रह करावा की करू नये? शाळेला नेमके काय सांगावे? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अक्षरवेल | १८ जानेवारी

रानजाईताई, मी बालमानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आणि फ्रॅजाइल एक्स असलेली काही कुटुंबे माझ्या परिचयाची आहेत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : हा या आजाराचाच भाग आहे, आणि मुलींमध्ये तर अनेकदा तोच सर्वांत ठळक भाग असतो.

या आजाराचा इतिहास मुलग्यांपासून सुरू झाला. १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये मार्टिन आणि बेल यांनी एका मोठ्या कुटुंबातील बौद्धिक अक्षमता असलेल्या पुरुषांचा अभ्यास करून ही अक्षमता एक्स गुणसूत्राबरोबर येते असे दाखवले. १९६९ मध्ये हर्बर्ट लब्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली या गुणसूत्राचे टोक जणू धाग्याने लोंबत असल्यासारखे दिसले, आणि त्यावरूनच पुढे 'फ्रॅजाइल', म्हणजे ठिसूळ, हे नाव पडले. जबाबदार जनुक १९९१ मध्ये सापडले. या साऱ्या प्रवासात मुली बहुतेक वेळा 'रुग्णाची बहीण' म्हणूनच दवाखान्यात आल्या. तुमच्याही घरी तसेच घडले, यात तुमचा दोष नाही.

एफएमआर-१ जनुकाच्या सुरुवातीला सीजीजी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. सर्वसाधारण माणसात ही पुनरावृत्ती ४४ पर्यंत असते. ५५ ते २०० असेल तर त्याला प्रीम्युटेशन, म्हणजे वाहक अवस्था म्हणतात, आणि २०० च्या पुढे गेली की पूर्ण म्युटेशन. तेव्हा ते जनुक बहुधा बंद पडते आणि एफएमआरपी नावाचे प्रथिन तयार होत नाही किंवा फार थोडे होते. मेंदूच्या पेशी जेथे एकमेकींना भेटतात तेथे इतर अनेक प्रथिनांच्या निर्मितीवर लगाम ठेवण्याचे काम हे प्रथिन करते. लगाम सुटला की बाहेरून येणारा आवाज, स्पर्श, चेहरे, नजरा यांना मिळणारा प्रतिसाद गरजेपेक्षा मोठा होतो.

मुलींकडे दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच कामावर असते. निरोगी एक्स किती पेशींमध्ये चालू राहिले, यावर त्या मुलीत हे प्रथिन किती बनेल ते ठरते. त्यामुळे एका मुलीला शिकण्यात मोठी अडचण येते, तर दुसरीची बुद्धिमत्ता पूर्णपणे सर्वसाधारण असते. पूर्ण म्युटेशन असलेल्या अनेक मुलींचे वाचन आणि शुद्धलेखन उत्तम असते, गणित मात्र अडखळते. परंतु बुद्धिमत्ता सर्वसाधारण असलेल्या मुलींमध्येही सामाजिक भीती वारंवार आढळते, आणि अशीच मुलगी सगळ्यांच्या नजरेतून सुटते.

नमस्काराबद्दल तुम्ही लिहिले ते वाचून मी थांबलेच. पाश्चात्त्य डॉक्टरांनी अशा मुलांचे हस्तांदोलन वर्णन केले आहे : मूल हात पुढे करते, मात्र चेहरा आणि धड दुसरीकडे वळवते. म्हणजे त्याला भेटायचे असते, पण नजर सोसत नाही. तुमची मुलगी धावत येते, हा तपशील फार महत्त्वाचा आहे. जिला माणसे नकोत ती धावत येणार नाही.

एक तांत्रिक गोष्ट इतर वाचकांसाठी. गुणसूत्रांची साधी तपासणी किंवा मायक्रोॲरे ही त्यांची अधिक सूक्ष्म तपासणी यांवर विसंबून फ्रॅजाइल एक्स नाही असे म्हणता येत नाही. त्यासाठी एफएमआर-१ ची स्वतंत्र डीएनए चाचणीच करावी लागते.

कोकणकडा | १९ जानेवारी

माहितीबद्दल आभार. एक शंका मनापासून विचारतो, कोणाचे मन दुखावण्याचा हेतू नाही. आमच्या घरात आत्या, मावश्या, बहिणी सगळ्या लहानपणी अशाच होत्या, परक्यांसमोर तोंडातून शब्द निघत नसे. मोठ्या झाल्या, संसार केले, आज त्या ग्रामपंचायतीत भांडतात. मुलीच्या लाजण्याला वैद्यकीय नाव दिले की ती स्वतःला आजारी समजू लागेल, अशी भीती वाटते. लाज आणि हा विकार यांतला फरक घरच्या माणसाने कसा ओळखावा?

अक्षरवेल | १९ जानेवारी

प्रश्न योग्य आहे. प्रत्येक लाजऱ्या मुलीची जनुकीय चाचणी करावी असे कोणीच म्हणत नाही. लाजरे मूल सुरुवातीला आईच्या मागे लपते, पण ओळख झाली की हळूहळू मोकळे होते. त्याच वर्गात, त्याच बाईंसमोर तीन वर्षे मुके राहत नाही. लाजेने पोट दुखत नाही, शाळेचे दप्तर पाहून उलटी होत नाही, तहान लागूनही पाणी मागायचे राहून जात नाही. भीतीमुळे रोजचे जगणे अडू लागले की तो स्वभाव उरत नाही. घरी भरभरून बोलणारे आणि ठरावीक ठिकाणी महिनोन्महिने अजिबात न बोलणारे मूल असेल, तर त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. तो चिंताविकारांतच मोडतो, आणि त्यामागे कोणतेही जनुकीय कारण नसतानाही तो असू शकतो. जनुकाचा विचार कधी करायचा? अशा मुलीच्या भावाला किंवा मामाला बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असेल, गणितात अनपेक्षित अडचण असेल, आईकडच्या एखाद्या स्त्रीची पाळी चाळिशीच्या आतच बंद झाली असेल किंवा आजोबांना उतारवयात हातांचा कंप आणि तोल जाण्याचा त्रास असेल, तेव्हा.

आणि नाव दिल्याने मूल आजारी होत नाही. नाव नसताना ते स्वतःला 'घमेंडी', 'मठ्ठ', 'मुकी' ही इतरांनी दिलेली नावे लावून घेते.

खडूफळा | १९ जानेवारी

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. या धाग्यावर लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण अशा एका मुलीशी मी प्रथम फार चुकीचे वागलो होतो.

दुसरीच्या वर्गात ती माझ्याकडे आली. तिच्या थोरल्या भावाला फ्रॅजाइल एक्स आहे हे मला ठाऊक होते, पण तिचा त्याच्याशी काही संबंध असेल असे मनातही आले नाही. हजेरीला ती 'हजर' म्हणत नसे. मला तो हट्ट वाटला. एके दिवशी मी तिला म्हणालो, "आवाज निघेपर्यंत खाली बसायचे नाही." ती पूर्ण तास उभी राहिली, रडलीसुद्धा नाही. त्यानंतर चार दिवस ती शाळेत आली नाही आणि पाचव्या दिवशी आली तेव्हा फाटकापासून वर्गापर्यंत तिचे वडील तिला उचलून आणत होते. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

आमच्या मुख्याध्यापक बाईंनी मला वेगळी वाट दाखवली. दाराजवळ आम्ही एक कापडी कप्प्यांचा तक्ता लावला आणि सगळ्याच मुलांनी आत येताना आपल्या नावाची पट्टी त्यात ठेवायची, अशी हजेरी सुरू केली. ती वेगळी पडली नाही. तोंडी वाचनासाठी तिच्या आईला घरी मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवायला सांगितले. ऑगस्ट महिन्यात एका संध्याकाळी मी तिचा आवाज प्रथमच ऐकला. ती कविता वाचत होती, एकही जोडाक्षर चुकले नव्हते, आणि मागे चुलीवर काहीतरी चरचरत होते. जून महिन्यात मी याच मुलीच्या नावापुढे 'वाचन येत नाही' असे लिहिले होते.

पुढे मी तिच्यासमोर उभे राहून प्रश्न विचारणे बंद केले. तिच्या शेजारी सतरंजीवर बसून, दोघांनीही वहीकडे पाहत, हळू आवाजात विचारू लागलो. 'काल काय केलेस?' असा मोकळा प्रश्न तिला जड जाई. 'शेतात गेलीस की घरीच होतीस?' या प्रश्नाला आधी बोटाने, मग ओठांच्या हालचालीने आणि दिवाळीनंतर कुजबुजून उत्तर येऊ लागले. येथे एक इशारा देतो. जानेवारीत ती प्रथमच सर्वांना ऐकू जाईल असे बोलली, आणि मी आनंदाच्या भरात वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या. चाळीस डोळे एकदम तिच्याकडे वळले. त्यानंतर तीन आठवडे ती पुन्हा गप्प झाली. मूल बोलले तर जणू ते रोजच बोलते अशा सहजतेने पुढचे वाक्य बोलावे, हे मी त्या दिवशी शिकलो.

वाड्यातली आजी | २० जानेवारी

रानजाई, बाळ, मी पंच्याहत्तर वर्षांची आहे. त्या काकूंच्या जागी मी असते, तर मीही तेच म्हटले असते आणि तेही मायेनेच. आमच्या पिढीला वाटते, की मुलीला बोलते करायचे तर तिला थोडे अडवावे, थोडे चिडवावे. म्हणून तू घरातल्या वडीलधाऱ्यांना हळदीकुंकवाच्या गर्दीत न सांगता, आधीच, एकेकीला बसवून सांग. आम्हाला आजाराचे नाव कळले नाही तरी 'तिला नजर सोसत नाही, तिच्याकडे न बघता तिच्याशी बोला' एवढे नक्की कळते.

निळी शाई | २१ जानेवारी

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. मला पूर्ण म्युटेशन आहे. माझ्या मामेभावाच्या निदानानंतर, मी एकोणीस वर्षांची असताना, माझी तपासणी झाली. समोरासमोर मी हे कधीच सांगू शकले नसते, लिहून सांगू शकते.

लोक विचारतात, की डोळ्यांत पाहिल्यावर नेमके काय होते. रात्री घाटात समोरून येणाऱ्या ट्रकने अप्पर मारावा, तसे होते. त्या उजेडात रस्ता दिसत नाही, तसे समोरच्याचे शब्द मला ऐकू येत असूनही कळत नाहीत. नजर वळवली की शब्द पुन्हा कळू लागतात. म्हणून "माझ्याकडे बघून बोल" असे जेव्हा बाई म्हणत, तेव्हा त्या मला एकाच वेळी दोन कामे सांगत असत आणि त्यांपैकी एकच मला करता येत असे.

उत्तर माझ्याकडे बहुतेक वेळा तयार असते. ते घशापर्यंत येईतो इतर लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात, आणि मग मी मागचेच उत्तर देते आणि सगळे चमकून बघतात. महाविद्यालयात असताना मी एसटीने जात असे. माझा थांबा विनंती थांबा होता, म्हणजे कंडक्टरला सांगावे लागे. मला ते सांगता येत नसे. म्हणून मी शेवटच्या स्थानकाचे तिकीट काढायची, कारण ते एकच नाव मी घरून पाठ करून निघालेली असे, आणि तेथून अडीच किलोमीटर मागे चालत यायची. दोन वर्षे मी असे केले आणि घरी सांगितले, की मला चालायला आवडते.

कोकणकडा यांना सांगावेसे वाटते, की तुमच्या आत्या आणि मावश्या मोकळ्या झाल्या याचा मला आनंदच आहे. मी मोकळी होण्याची वाट माझ्या घरच्यांनी एकोणीस वर्षे पाहिली. निदान झाले त्या रात्री मी प्रथमच शांत झोपले, कारण मी मुद्दाम करत नाही याचा कागद आता माझ्याकडे होता.

मला कशाने बरे वाटले ते लिहिते. माझी एक चुलत बहीण मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना माझ्याशी बोलत असे. हात आणि डोळे कामात असले की माझी जीभ सुटते. शेजारी चालतानाही सुटते, टेबलापलीकडे कोणी बसले की आखडते. आरतीत मी मोठ्याने म्हणते, कारण सगळेच म्हणत असतात आणि सगळे गणपतीकडे बघत असतात. मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने मी काही वर्षे गोळ्या घेतल्या; त्यांनी भीती गेली नाही, पण एवढी खाली आली की समुपदेशकांनी शिकवलेले करून बघता येऊ लागले. आज मी मुद्रितशोधनाचे काम करते. कार्यालयात माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून आहे, ती मीच मागून घेतली.

रानजाईताई, एकच विनंती. तिच्यादेखत कोणालाही "ती लाजाळू आहे" असे सांगू नका. मी ते इतक्या वेळा ऐकले, की कधी बोलावेसे वाटले तरी ते वाक्य आडवे येई. माझी आई नंतर "ती तिच्या वेळेने बोलेल" असे म्हणू लागली. त्या वाक्यात मला जागा होती.

रानजाई (धागालेखिका) | २१ जानेवारी

निळी शाई, तुमचा प्रतिसाद मी आणि माझ्या यजमानांनी दोनदा वाचला. तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते समजत नाही.

आजोबांच्या कंपाचा उल्लेख वाचून आणखी एक गोष्ट लिहिते. माझे वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत. पाच-सहा वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात, चहाची बशी सांडते, चालताना तोल जातो. आम्ही ते वय समजत होतो. माझ्या निदानानंतर त्यांची चाचणी केली आणि तेही वाहक निघाले. माझी पुनरावृत्ती ९२ आहे. आता प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे, जी चाचणीला तयार नाही.

आणि आणखी एक, जे लिहायला मला संकोच वाटतो. निळी शाई यांचा एसटीचा प्रसंग वाचताना मला माझेच दिवस आठवले. मी आजही अनोळखी क्रमांकाचा फोन उचलत नाही, बँकेत जाण्याआधी वाक्ये मनात जुळवते. वाहक स्त्रियांनाही असे होते का?

अक्षरवेल, दोन गोष्टी कृपया सांगा. कोणी प्रश्न विचारला आणि ती गप्प राहिली, तर तिच्या वतीने मी उत्तर द्यावे का? आणि औषधांचे काय?

अक्षरवेल | २२ जानेवारी

क्रमाने लिहिते. वाहक पुरुष आपले एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलीला देतो, मुलग्यांना देत नाही. त्यामुळे वडील वाहक असतील तर तुमची बहीणही वाहक असणार; चाचणीने तिची पुनरावृत्ती किती आहे ते कळेल. वडिलांकडून आलेले प्रीम्युटेशन मुलीत प्रीम्युटेशनच राहते. पूर्ण म्युटेशनपर्यंतची उडी आईकडून अपत्याकडे जाताना होते, आणि पुनरावृत्ती ९० च्या पुढे असेल तर ती शक्यता फारच मोठी असते. बहिणीला मुले हवी असतील तर हे आधी कळणे तिच्या हिताचे आहे. शिवाय वाहक स्त्रियांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या बीजकोशांचे काम चाळिशीपूर्वीच मंदावते, म्हणजे तिच्या हातात असलेला वेळही कमी असू शकतो. तिच्यावर दबाव न आणता जनुकीय समुपदेशकाशी एक भेट घडवून आणा. वडिलांना मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि हा अहवाल बरोबर न्या, कारण वाहकांमधल्या या कंपाचे वर्णनच मुळी २००१ मध्ये झाले आणि तो अनेकदा पार्किन्सन समजला जातो.

हो, वाहक स्त्रियांमध्येही चिंता आणि सामाजिक भीती अधिक प्रमाणात दिसून आलेली आहे. त्यात दोन मुलांची काळजी मिसळलेली असते, म्हणून किती भाग जनुकाचा आणि किती परिस्थितीचा हे वेगळे काढणे कठीण आहे. परंतु तुम्ही स्वतःसाठीही मदत घेऊ शकता. आई फोनला घाबरते आणि तरीही उचलते, हे मुलीने पाहिले तर ते कोणत्याही धड्यापेक्षा तिच्या उपयोगी पडेल.

तिच्या वतीने लगेच उत्तर देऊ नका, आणि तिला एकटीही सोडू नका. मनात सावकाश पाच अंक मोजा. ते पाच सेकंद आपल्याला फार मोठे वाटतात, तिला ते लागतात. मग तोच प्रश्न निवडीचा करून तुम्ही विचारा, म्हणजे तिला परक्या माणसाला उत्तर न देता तुम्हाला द्यावे लागेल. तेही जमले नाही तर मान हलवणे पुरेसे मानून संभाषण पुढे न्या. ठरवून केलेला सराव मात्र वेगळा असावा. उदाहरणार्थ, कोपऱ्यावरच्या दुकानात प्रथम ती केवळ तुमच्याबरोबर उभी राहील. काही दिवसांनी पैसे तिच्या हातून द्या. मग चिठ्ठी लिहून वस्तू मागू द्या, मग गिऱ्हाईक नसलेल्या वेळी एकच शब्द. एक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची आणि मगच पुढची, म्हणजे भीती अंगातून उतरते. दुकानदाराला आधी विश्वासात घ्या. पायरी ठरवताना तिला विचारा. नऊ वर्षांच्या मुलीला आपली भीती किती मोठी आहे हे हाताने दाखवता येते. आवाज आणि गर्दी यांमुळेही ती थकत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत घ्या. शाळेतून आल्यावर अर्धा तास तिला कोणी काही विचारू नये.

हरवलेले प्रथिन परत देणारे औषध आज उपलब्ध नाही. चिंतेसाठी सर्ट्रालिनसारखी औषधे वापरली जातात आणि अनेकांना त्यांचा उपयोग होतो, परंतु ती सुरू करायची का, किती आणि किती काळ, हे बालमानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. प्रथम वर्तनाचा सराव करावा आणि भीती इतकी मोठी असेल की सराव सुरूच होत नाही, तर औषधाचा विचार करावा, असे माझे मत आहे.

शाळेला एका पानाचे पत्र द्या. त्यात आजाराचे वर्णन चार ओळींत आणि उरलेल्या पानात काय करावे ते लिहा. खडूफळा सरांनी लिहिलेले जवळजवळ तसेच उतरवले तरी चालेल. तोंडी परीक्षेऐवजी ध्वनिमुद्रण किंवा एकटीने बाईंसमोर वाचन मागून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यांत फ्रॅजाइल एक्सचे स्वतंत्र नाव नाही, म्हणून प्रमाणपत्र हवे असेल तर बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता यांपैकी जे तिला लागू असेल त्याचे मूल्यमापन करावे लागते. गणिताचे मूल्यमापन आताच करून घ्या, दहावीपर्यंत थांबू नका. आणि मुंबईत फ्रॅजाइल एक्स सोसायटी - इंडिया ही संस्था आहे. तिच्यामार्फत इतर पालकांशी ओळख होऊ शकेल.

कोकणकडा | २२ जानेवारी

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. निळी शाई, तुम्ही अडीच किलोमीटर चालत आलात, हे वाचून मी माझ्या सर्वांत धाकट्या बहिणीला फोन केला. ती शाळेत असताना कधीच एकटी दुकानात जात नसे आणि आम्ही भावंडे तिला फार चिडवत असू. आम्ही पाऊण तास बोललो.

रानजाई (धागालेखिका) | २७ मार्च

दोन महिन्यांनी लिहिते आहे. शाळेने पत्र स्वीकारले. वर्गशिक्षिका बाईंनी हजेरीच्या पट्ट्या सर्व मुलांसाठी सुरू केल्या आणि मराठीचे तोंडी काम ध्वनिमुद्रणावर घेतले. बदली शिक्षक आले, त्या दिवशी मात्र तिला उभे केले गेले आणि ती दुपारी ताप घेऊन घरी आली. आता पत्राची एक प्रत शिक्षकांच्या खोलीत लावली आहे.

दुकानात आम्ही चिठ्ठीच्या पायरीवर पाच आठवडे होतो. चिठ्ठीवर ती आधी 'खोडरबर' एवढेच लिहीत असे, नंतर 'निळा खोडरबर, वास येणारा' असे लिहू लागली. मागच्या मंगळवारी दुकानदार काकांनी चिठ्ठी वाचून पांढरा खोडरबर पुढे केला. त्यांनी ते मुद्दाम केले की चुकून, मी विचारले नाही. ती काउंटरवरच्या गोळ्यांच्या बरणीकडे पाहत म्हणाली, "निळा." त्यांनी निळा दिला, सुट्टे पैसे मोजले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. बुधवारी ती दुकानाच्या पायरीवरही चढायला तयार नव्हती. आम्ही रस्त्याच्या पलीकडून चालत घरी आलो.

गुढीपाडव्याला घरी पाहुणे होते. तिने साखरेच्या गाठी सर्वांच्या हातांवर ठेवल्या, कोणीही तिला काही म्हणायला लावले नाही. बहिणीने रक्त दिले आहे, अहवाल यायचा आहे.